‘थो कुठी हाय?’

वैजूताई क्वेरी बसून लिहायची आणि उभी राहून चालवायची. तिची खुर्ची करकरत मागे सरकली की ऑफिसात सगळ्यांना कळायचं, आता काहीतरी होणार. ती ओढणी कमरेला खोचायची, एका बोटानं बटण दाबायची आणि पडद्यावर रकाने उतरले की टेबलावर थाप मारून ओरडायची, “निंगाली!” म्हणजे निघाली एकदाची. नाहीच उतरले तर तितक्याच जोरात “मायबाई!” म्हणून पुन्हा बसायची. चंद्रपुरातल्या त्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी नकाशे काढायचो. भर उन्हाळ्यात कूलर गरम वारा फेकत असायचा, नकाशावरचे नाले डोळ्यांपुढे नाचायला लागायचे, आणि पलीकडून “निंगाली!” आलं की एकदम हुरूप यायचा. खरं सांगतो, आजही संगणकावर काही मनासारखं झालं की माझा हात आपोआप टेबलाकडे जातो.

आमची संस्था छोटी. काम एकच, जंगलालगतच्या गावांना वाघाची खबर द्यायची. कोणाला पायाचा ठसा दिसला, कोणाची गाय मारली गेली, कोणाला डरकाळी ऐकू आली, की गावोगावचे गुराखी आणि जंगलावर नजर ठेवणारी मंडळी आम्हाला फोनवर कळवायची. ते सगळं आमच्या संगणकात टेबलांमध्ये, म्हणजे रकान्यांच्या तक्त्यांमध्ये, भरलं जायचं. दुपार कलली की वैजूताईची क्वेरी चालायची, म्हणजे त्या सगळ्या ढिगाला ती एक प्रश्न विचारायची, आणि उत्तरातून गावागणिक एक मेसेज तयार होऊन जायचा. संध्याकाळी गावातली बचत गटाची एखादी बाई तो भोंग्यावरून वाचून दाखवायची. उद्या पहाटे कोणत्या बाजूला जायचं नाही ते लोकांना कळायला हवं, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

वैजूताई अहेरीच्या अलीकडच्या बोरटोल्याची. कागदावरचं नाव वैजयंती कुसराम. पण वैजयंती म्हणून हाक मारली तर ती वळूनसुद्धा पाहायची नाही. “थे नाव शाळेच्या दाखल्यापुरतं,” म्हणायची. “माणसाले दोन नावं लागतेत भाऊ. एक लिवाचं, एक हाकेचं. लिवलेल्या नावानं कोणी जेवाले बोलावते का?” वयानं माझ्याहून लहान, पण मीही तिला ताईच म्हणायचो. ऑफिसात ताई न म्हणणारा एकच माणूस होता, आमचे देशकर साहेब. ते ‘मिस कुसराम’ म्हणायचे, आणि अर्थातच तिला ते ऐकू जायचं नाही.

ही हाकेच्या नावांची हौस तिनं कामात आणली. टेबलातल्या रकान्यांची नावं इंग्रजी, आखूड, जोडकाम केलेली असतात, संगणकाच्या सोयीची. पण प्रश्न विचारताना एखाद्या रकान्याला तेवढ्यापुरतं दुसरं नाव देता येतं. त्याला एलियस म्हणतात. टेबलात नाव तेच राहतं, वाचणाऱ्याला मात्र डोक्यावर दुसरं दिसतं. बहुतेक लोक ते नावही आखूडच देतात, कारण रिकामी जागा, कंस, प्रश्नचिन्ह, टक्के असलं काही आलं की यंत्र बिचकतं. त्याला वाटतं, हा कसला नवीन हुकूम? मग ते नाव दुहेरी अवतरणचिन्हांत बंद करावं लागतं.

मी नवा असताना वैजूताईनं मला हे कसं समजावलं ते विसरणं शक्य नाही. डब्यातली लाखोळीची भाजी तिनं दाखवली. “हे निस्ती हातात देली तर?”

“सांडेल.”

“आन् पळसाच्या पानात बांधून देली तर?”

“नाही सांडणार.”

“मंग झालं. अवतरण म्हंजे पान. पानात बांधलं का आत काईबी ठेव. कंस ठेव, प्रश्नचिन्ह ठेव, तुयी सासू ठेव.” मग हात पुसता पुसता म्हणाली, “फक्त ज्याचं त्याले पान पायजे. एका डेटाबेसले दुहेरी अवतरण लागते, एकाले उलटी टिंबली लागते, एकाले चौकोनी कंस. जसा पाव्हणा तसं पान.” एवढं सोपं मला कुठल्याही पुस्तकानं सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी घरी जाऊन बायकोलाही एलियस समजावून सांगितला. सासूचं तेवढं गाळलं.

पुढे पुढे तिनं माणसांनाही अशीच नावं ठेवायला सुरुवात केली, चिन्हांसकट. देशकर साहेब रोज फोनवर ‘निघालोच’ सांगायचे आणि उगवायचे जेवणानंतर. त्यांचं नाव पडलं ‘साहेब (येतील)’. कंसासकट. दूध असेल तरच चहा मिळायचा म्हणून तो ‘चहा*’, ताऱ्याचा अर्थ अटी लागू. आमच्या विजेचं नाव ‘लाइट/अंधार’. तिच्या फोनमध्ये आईचा नंबर ‘आई!!’ म्हणून होता. मी विचारलं, दोन कशाला? तर म्हणाली, “एक तिच्या आवाजाचं, एक माया भेवाचं.” आणि मी? मी सारखा काहीबाही विचारत असायचो म्हणून ‘भाऊ?’. तिनं “भाऊ” म्हटलं तरी शेवटी आवाज असा चढवायची की ते प्रश्नचिन्ह स्वच्छ ऐकू यायचं.

त्या आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. वैजूताई कोणालाच भ्यायची नाही, देशकर साहेबांना तर मुळीच नाही, पण आईचं नाव निघालं की तिचा चेहरा उतरायचा. शेवंताबाई बोरटोल्यात मोहफुलं वेचायच्या. मोहाच्या दिवसांत फूल पहाटे गळतं, म्हणून बाया अंधुक उजेडातच टोपल्या घेऊन निघतात आणि झाडाखाली वाकून वेचत बसतात. जंगलात वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. हे आमच्या ऑफिसात आमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! वैजूताई दरवर्षी सांगायची, नको जाऊ. शेवंताबाईंचं उत्तरही दरवर्षी तेच असायचं, “तुयी नौकरी तू कर, मायी मी करतो.” त्यांच्या घराची मोहाची झाडं पूर्वेच्या नाल्याकाठी होती. बोरटोल्यात प्रत्येक घराची झाडं ठरलेली. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल उचलायचं नाही. म्हणजे नाल्यावर जाऊ नको म्हणणं म्हणजे मोहच वेचू नको म्हणणं. वैजूताई जीव तोडून ती क्वेरी नीट करायची ती अख्ख्या दोन जिल्ह्यांसाठी, हे खरंच. पण मेसेज गेले की पहिला बोरटोल्याचा उघडून पाहायची. मी ते पाहिलेलं आहे.

आणि एका सकाळी तिच्या भावाचा, राजूचा, फोन आला. वैजूताई उभ्याउभ्या बोलायला लागली आणि बोलता बोलता खाली बसली. फोनवर ती बसलेली मी कधी पाहिलीच नव्हती. पहाटे नाल्यावर वाघ निघाला होता. अर्धं गाव तिथं होतं. आई पण होती. सगळे सुखरूप होते. फोन ठेवून तिनं मला विचारलं, “भाऊ, काल मेसेज गेला होता ना?”

मी पाहिलं. गेला होता, पोचलाही होता. पूर्वेचा नाला, सकाळी दिसला, सगळं बरोबर.

“मंग अर्धं गाव तथी काऊन गेलं?”

आम्ही तशीच जीप काढली. आष्टी, आलापल्ली, सागाचं जंगल, सगळ्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. गप्प बसलेल्या वैजूताईची आम्हाला कोणालाच सवय नव्हती.

बोरटोल्यात समाजमंदिरापुढे सगळं गाव जमलेलंच होतं. भोंग्यावर वाचणाऱ्या सगुणाबाई मध्ये बसल्या होत्या. वैजूताईनं जीपमधून उतरल्या उतरल्या विचारलं, “सगुणाबाई, मेसेज आला होता ना वो?”

“आला होता ना. मी वाचला बी.”

“काय वाचला?”

“बोरटोला. पूर्वेचा नाला. सकाळी.”

“आन् त्याच्या आंधी लिवलं होतं थे?”

सगुणाबाईंनी पदर तोंडाला लावला. “थे कसं वाचू बाई? मोहाच्या दिवसांत? भोंग्यावरून साऱ्या जंगलाले आयकू जाईन असं त्याचं नाव घेऊ? नाव घेतलं का येते थो.”

“न घेता बी आला ना!”

“घेतलं असतं तर घरात आला असता,” सगुणाबाई शांतपणे म्हणाल्या, आणि चारी बाजूंनी माना डोलल्या.

मग सगळा उलगडा झाला. आमच्या मेसेजमध्ये रकान्याचं नाव आधी आणि माहिती पुढे असायची. ‘वाघाचा वावर: पूर्वेचा नाला’, ‘वाघ दिसल्याची वेळ: सकाळी’. जिथं जिथं ते नाव होतं तो तो तुकडा सगुणाबाईंनी श्रद्धेनं गाळला होता. ‘तिकडे जाऊ नये’ असं आम्ही लिहीत नव्हतो, कारण साहेबांचं म्हणणं, आपण माहिती द्यायची, सल्ला नाही. तेव्हा गावानं भोंग्यावर काय ऐकलं? पूर्वेचा नाला, सकाळी. कामांच्या सूचनाही त्याच भोंग्यावरून व्हायच्या, त्यामुळे लोकांनी ओळखलं, नाल्यावर रोजगार हमीचं काम निघालेलं दिसतं! पहाटे निम्मं गाव फावडी-घमेली घेऊन नाल्यावर हजर. आणि पलीकडच्या काठावरच्या झुडपातून तो उठला.

“येवढी गर्दी पाऊन थोच पयाला जी,” राजू मला म्हणाला. “त्याले वाटलं असन, यायले सारे मायावरच काम देलं का काय.”

सगळं गाव हसलं, मीही हसलो. हसले नाहीत फक्त दोन जण. वैजूताई आईकडे पाहत होती. शेवंताबाई समाजमंदिराच्या उंबऱ्यावर, पहाटेच्या गडबडीत मुरगळलेल्या गुडघ्याला हळद लावून बसल्या होत्या. गर्दीपासून दूर, त्या एकट्या आपल्या झाडाखाली वेचत होत्या, आणि तो पळाला तो त्यांच्या बाजूनं. “मी उभी राह्यलो,” त्या म्हणाल्या. “टोपली पोटाशी धरली. थो मायाकडं पायत होता, मी त्याच्याकडं. मंग थो गेला.” एवढंच. सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही, पण हळदीचा हात त्यांनी गुडघ्यावरून काढला नाही.

वैजूताई आईपाशी जाऊन बसली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “आई, तू त्याले काय म्हणते?”

“कोनाले?”

“त्याले वो.”

“थो.”

“निस्तं थो?”

“आनखी काय पायजे? साऱ्याइले समजते.”

आणि माझी वैजूताई परत आली! ताडकन उठली, ओढणी कमरेला खोचली, उंबऱ्यावर थाप मारली. “भाऊ! पायलं का? टेबलात वाघ, तोंडात थो! आपून शिकून आलो नागपुरात, आन् हे लोक पिढ्यान् पिढ्या एलियस लावून राह्यले!”

“काय लावून राह्यलो आमी?” शेवंताबाईंनी संशयानं विचारलं.

“पान लावून राह्यले, आई. पान!”

परतीच्या वाटेवर तिची बडबड आष्टीच्या पुलापर्यंत थांबली नाही. रकान्याचं नाव बदलायचं. नुसतं बदलायचं नाही, बाया एकमेकींना पहाटे विचारतात तोच प्रश्न तिथं ठेवायचा. थो कुठी हाय? थो कवा दिसला? रिकाम्या जागेसकट, प्रश्नचिन्हासकट. सगुणाबाई वाचतील ते बोलल्यासारखंच वाटलं पाहिजे. मी विचारलं, प्रश्नचिन्ह हवंच का? ती म्हणाली, “तुयाच नावात हाय, तुले काऊन खुपते?”

खरी लढाई साहेबांशी झाली. त्या दिवशी ‘साहेब (येतील)’ नेमके वेळेवर आले. त्यांनी नवी शीर्षकं वाचली आणि चष्मा काढला. “मिस कुसराम, शीर्षकात प्रश्नचिन्ह? आणि हा ‘थो’ कोण? अहवाल नागपूरला जातो, तिथून विचारलं तर मी काय सांगू?”

या खेपेला मिस कुसरामला ऐकू गेलं. “सांगा, थो म्हंजे थो.”

“हा अहवाल आहे. गावगप्पा नाहीत.”

“साहेब, नागपूरचा अहवाल येगळा निंगते, त्यात वाघच राहीन. टेबलात बी वाघच हाय, त्याले कोनी हात नाई लावला. मी फक्त गावाच्या मेसेजात हाक बदलली.” मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मेसेज पोचला होता साहेब. मायी आई तरी बी तथी होती.”

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, “बोरटोल्यापुरतं करून बघा.” माणूस वाईट नव्हता. नंतर त्यांनी स्वतः दोनदा येऊन विचारलं, “तो... तुमचा थो झाला का?”

तर झाला नव्हता! पहिल्याच फटक्याला यंत्रानं लाल अक्षरं दाखवली. “मायबाई!” पुन्हा चालवली, पुन्हा लाल. मेसेज जायची वेळ जवळ आलेली, वैजूताई उभी, आम्ही सगळे तिच्या मागे उभे. बरोबर वाटणारी ओळ का चालत नाही, कोणालाच कळेना. मग तिनं पडद्याला नाक लावलं आणि कपाळावर हात मारून घेतला. शीर्षकं राजूनं सगुणाबाईंकडून मंजूर करून फोनवर टाइप करून पाठवली होती, अवतरणचिन्हांसकट, आणि हिनं घाईत ती तशीच चिकटवली होती. मोबाइलनं शोभेसाठी ती चिन्हं दोन्हीकडून वाकवली होती. यंत्राला सरळ लागतात. “पानच वाकडं आलं भाऊ!” तिनं ती खोडली, हातानं सरळ चिन्हं ठोकली, आणि मागे न पाहता म्हणाली, “आता सारे उभे हाव ना?” आम्ही म्हटलं हो. साहेबसुद्धा हो म्हणाले. तिनं बटण दाबलं.

“थो कुठी हाय?” पडद्यावर मधोमध, एका रकान्याच्या डोक्यावर. संगणकाच्या पडद्यावर आमच्या झाडीपट्टीची बोली बसलेली मी पहिल्यांदा पाहिली आणि माझ्या अंगावर काटा आला. “निंगाली!” या वेळी आम्ही चौघं मिळून ओरडलो, आणि टेबलावरचा चहा सांडला. तोही ताऱ्याचा चहा, म्हणजे पुन्हा मिळायची शाश्वती नाही.

राजूनं त्या संध्याकाळी भोंग्यासमोर फोन धरला. सगुणाबाईंचा आवाज खणखणीत आला, “बोरटोला. थो कुठी हाय? पश्चिमेचा तलाव. थो कवा दिसला? दुपारी.” एक शब्द गाळला नाही. दुसऱ्या दिवशी तलावाकडे कोणी फिरकलं नाही. मग काय, वैजूताईला ऊत आला. तिनं गावोगाव फोन लावून विचारलं, तुमी त्याले काय म्हणता? मूल तालुक्यातल्या एका गावानं ‘मामा’ सांगितलं. सिरोंच्याकडच्या एका गावानं तेलुगूत ‘पेद्दायना’, म्हणजे मोठे बाबा. एका गावानं ‘पाटील’ सांगितलं आणि पहिल्याच संध्याकाळी तिथल्या पोलीस पाटलांचा आम्हाला फोन आला, “बाई, मी घरी हावो, बांधावर नाई!” ते नाव तेवढं रातोरात बदलावं लागलं. बाकी ज्या गावाची जी हाक, तीच त्याच्या रकान्याच्या डोक्यावर. साहेबांनी नंतर तक्रार करणंच सोडलं.

पण गंमत पाहा, सगळी गावं ऐकायला लागली आणि एक बाई ऐकेना. शेवंताबाई नाल्यावर जातच होत्या. वैजूताईनं फोनवर रडून पाहिलं, भांडून पाहिलं. मी समोरच बसलेलो होतो, आईचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. “तुयी मशीन सांगते थो कुठी हाय. थो गेला का थे कोन सांगन? एकडाव थो नाल्यावर दिसला, मंग मी का जनमभर घरी बसू? फूल मायासाठी थांबते का?”

वैजूताईनं फोन ठेवला. मग म्हणाली, “भाऊ, चूक तिची नाई. ती तिसरा प्रश्न इचारून राह्यली, आन् आपल्यापाशी रकानाच नाई.”

हे मात्र एका दुपारचं काम नव्हतं. तो दिसला हे सांगायला फोन यायचे. तो गेला हे सांगायला कोण फोन करणार? वैजूताईनं ते लोकांकडून करवून घेतलं. गुराख्यांना, नजर ठेवणाऱ्यांना एकेकाला समजावलं की ठसे पुढच्या जंगलात गेलेले दिसले तर तेही कळवा, जुनं झालं म्हणून सोडू नका. त्या मोहात ते जमलं नाही. पावसाळा गेला, धान निघालं, आणि पुढचा मोह फुलायच्या आत तिच्या क्वेरीत नवा रकाना आला. सरळ अवतरणचिन्हांत, नीट बांधलेला, “थो गेला का?”

पुढे ती आमच्याकडून गेली. आणखी दक्षिणेला, जंगलातल्या एका दवाखान्यात रुग्णांच्या नोंदीचं काम आहे तिच्याकडे. तिथंही रकान्यांना हाकेची नावं लावते म्हणे, “पोट कवापासून दुखते?” वगैरे. तिथले डॉक्टर खूश आहेत, असं तीच सांगते. पण माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे ती जायच्या आधीची, त्या दुसऱ्या मोहातली बोरटोल्यातली वैजूताई. अहेरीला नकाशाचं काम होतं, परतताना तिच्या घरी उतरलो. ती सुट्टीवर आलेली होती.

घरात वातावरण तंग होतं. लागोपाठ काही संध्याकाळी भोंग्यावरून एकच उत्तर येत होतं. थो कुठी हाय? पूर्वेचा नाला. थो गेला का? नाई. आणि शेवंताबाई खरोखर घरी बसल्या होत्या! टोपली अंगणात पालथी घातलेली, त्यावर कोंबडी चढून बसलेली. बाई येताजाता टोपलीकडे बघत आणि लेकीला ऐकवत, “हरणं खाऊन राह्यले माये फूल. तुयी मशीन हरणाची हाय का मायी?” वैजूताई मला हळूच म्हणाली, “आणखी एक दिवस ‘नाई’ आलं तर थे जाते भाऊ. मी वयखतो तिले.” त्या संध्याकाळी तिनं चहा केला आणि साखरेऐवजी मीठ घातलं. सगळ्यांनी तो तसाच प्यायला.

भोंगा करकरला. वैजूताई उभी राहिली. सवयच ती.

“बोरटोला,” सगुणाबाईंचा आवाज आला. “थो कुठी हाय? नदीपलीकडं. थो कवा दिसला? आज सकाळी. थो गेला का?” आणि इथं सगुणाबाई जरा थांबल्या. भोंग्यावरचं माणूस ते, थोडा रुबाब करणारच. “गेला!”

शेवंताबाईंनी कोंबडीला हुसकावलं आणि टोपली सुलटी केली. लेकीकडे पाहिलंही नाही. फक्त आत जाता जाता विचारलं, “हे तूच लिवते ना वो?”

“हाव, आई. मीच लिवतो.”

“बरं लिवते,” शेवंताबाई म्हणाल्या आणि टोपली दाराशी नेऊन ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीसाठी मी लवकर उठलो. नुकतं फटफटत होतं, सगळ्या गावात मोहाचा गोड, जड वास भरलेला. बाया बोलत, हसत पूर्वेकडे निघाल्या होत्या, आणि त्यांच्यात शेवंताबाई, कडेवर टोपली, गुडघा अजून किंचित ओढत. वैजूताई अंगणाच्या कुडाशी अनवाणी उभी होती. ओढणी कमरेला खोचलेली. आई वळणाआड जाईपर्यंत ती पापणीही न हलवता पाहत राहिली. मग तिनं कुडाच्या खांबावर थाप मारली, जोरात नाही, आईला ऐकू जाणार नाही एवढीच, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“निंगाली.”